पाकोळ्यांच्या भिंतीवरची आठ नावं

सांता ओलाया, १४ जानेवारी १९९६

रेइ, बाळा,

तुझं पत्र मिळालं. ‘पाकोळ्यांबद्दल मला एक अक्षरही लिहू नकोस’, असं तू लिहिलंयस. बरं. नाही लिहीत.

इथे सगळं ठीक आहे. कोंबड्या ठीक आहेत. उसाचा हंगाम सुरू झालाय, गिरणीची चिमणी पेटलीय, त्यामुळे दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसते. साबण मिळत नाही, पण ते काही आजचं नाही. तुझ्या बहिणीला, यामिलाला, यंदा शिकवायला तिसरीचा वर्ग दिलाय, तिचं बरं चाललंय. तुझे बाबा बरे आहेत.

एवढं लिहून मी उठले, भाताचे तांदूळ निवडले आणि परत येऊन बसले. कळायला लागल्यापासून ज्या बेसबॉलबद्दल रोज बोलत आले तो सोडून पत्र लिहायचं म्हणजे मीठ न घालता स्वयंपाक करायचा. माझे वडील डाव्या कोपऱ्यात चेंडू अडवायचे, माझा नवरा मैदान राखतो, मी स्वतः परकर नेसत होते तेव्हापासून धावांच्या फळ्यामागे उभी राहून पत्र्याचे आकडे टांगते. आता तूच सांग, यातलं काय वगळू? रविवारी मी कुठे जाते ते तुला ठाऊक आहे. अजून जाते. याच्यापुढे काही लिहीत नाही.

खांद्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. बाजारात कुणीतरी म्हणालं की तू आता चेंडू टाकत नाहीस, तिकडे टँपात कुठल्याशा गोदामात खोकी उचलतोस. कुणाच्या जिभेला हाड असतं? पण खरं असेल तर उजव्या हाताने उचलू नकोस.

तुझी आई,
नेरेइदा

—

११ फेब्रुवारी १९९६

रेइ,

हे पत्र मिर्ता नेतेय. आपल्या ओफेलियाची मुलगी, समुद्रकाठच्या हॉटेलात खोल्या झाडते ती. तिथे उतरलेल्या एखाद्या परदेशी बाईला गाठून ती हे देईल, आणि ती बाई आपल्या देशात गेल्यावर पेटीत टाकेल. म्हणून आज मोकळेपणाने लिहिते. टपालातली पत्रं वाटेत उघडून वाचतात, म्हणून यापुढे टपालाने आलेल्या पत्रात मी ‘ठीक’ लिहिलं की ते निम्मं समज.

आणि मी पाकोळ्यांबद्दलच लिहिणार आहे. राग आला तर फाड, पण वाचून मग फाड.

यंदा आपल्या पाकोळ्यांच्या संघाला साठ वर्षं होतात. मे महिन्यात सोहळा आहे. मैदानाच्या रस्त्याकडच्या लांब भिंतीला चुना लावून तिच्यावर नावं रंगवायची असं ठरलंय. संघ ज्या ज्या वर्षी जिंकला त्या वर्षाच्या शेवटच्या सामन्यातले नऊ जण. ओस्वाल्दो आता संघाच्या मंडळाचा प्रमुख आहे. तोच आला होता घरी, टोपी हातात घेऊन.

“नेरे, नावं तुझ्याशिवाय कोण सांगणार? मला माझ्या पोरांची नावं उलटसुलट होतात.”

मला किती आनंद झाला ते काय सांगू. मी लगेच सुरू झाले. छत्तीस सालचे ते पहिले नऊ, ज्यांचे सदरे पिठाच्या पोत्यांचे होते आणि पाठीवर पोत्यावरची अक्षरं तशीच दिसत होती. चव्वेचाळीसचं वादळ, ज्यात प्रेक्षकांचं छप्पर उडून उसात पडलं आणि पुढच्या रविवारी लोकांनी उसातच बसून सामना पाहिला. आमच्या कोमेर्सिओने टोलवलेला तो चेंडू, जो थेट काकवीच्या टाकीत गेला, आणि पंच म्हणाला, चेंडू परत आणून दाखवा तर धाव धरतो. ओस्वाल्दो हसत होता. त्याच्या लहानपणी हे सगळं त्याने माझ्याच वडिलांच्या तोंडून ऐकलंय.

मग मी एकोणनव्वद सालावर आले आणि तो हसायचा थांबला.

“तिथे जरा थांब,” तो म्हणाला.

“का थांबू? आजवरचा सगळ्यात मोठा सामना तो. पूर्ण नऊ डाव एकट्याने—”

“नेरे, कुणी टाकला ते मला सांगू नकोस. मी तिसऱ्या रांगेत होतो. माझा आवाज आठवडाभर बसला होता.” त्याने दाराकडे पाहिलं. “त्याचं नाव भिंतीवर येणार नाही. हे मी म्हणत नाहीये. मला वरून सांगितलंय.”

“मग नवव्या जागी काय लिहिणार?”

“दुसऱ्या कुणाचं तरी. त्या वर्षी राखीव होता ना एक, त्याचं.”

मी त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही. कॉफी नव्हतीच, पण एरवी विचारते.

रेइ, आठवतं का, आजोबा तुला अडतीस सालचे नऊ म्हणून दाखवायचे? आठ नावं घडाघडा म्हणायचे आणि मग आवाज खाली यायचा. “आणि तो हैतीचा.” ऊसतोड्यांच्या बराकीतून ऐन वेळी उचलून आणला होता त्याला. तो जिंकून देऊन गेला, हंगाम संपल्यावर त्याला बाकीच्यांबरोबर जहाजात घालून परत पाठवलं. आजोबा म्हणायचे, खांद्यावर घेऊन नाचलो त्याला, पण नाव विचारायचं राहून गेलं. मरेपर्यंत त्यांना ते टोचत होतं. त्याचं नाव आम्हाला माहीतच नव्हतं, म्हणून ते गेलं. तुझं मला माहीत आहे. मीच ठेवलंय.

आता बाबांबद्दल. तू त्यांच्याशी बोलत नाहीस, पत्रात त्यांचं नाव घेत नाहीस. परदेशी खेळायला गेलेला तू मेरिदाच्या हॉटेलातून निघून गेलास आणि परत आला नाहीस, त्यानंतर मैदानावर सगळ्यांना बोलावलं होतं. तुला देशद्रोही म्हणणाऱ्या कागदावर संघाने सह्या केल्या. तुझे चेंडू झेलणाऱ्या बार्बारोने पहिली केली. तुझ्या बाबांनी शेवटची. हे तुला कळलंय, आणि कुणी कळवलं असेल तेही मला माहीत आहे. पण त्या सकाळी यामिलाला शाळेच्या कचेरीत बसवून ठेवलं होतं, हे त्या माणसाने तुला कळवलं नसेल. सही झाल्यावर तिला वर्गात सोडलं. मी कुणाची बाजू घेत नाही. जे झालं ते सांगतेय.

तेव्हापासून बाबांनी घरात तुझं नाव घेतलेलं नाही. जेवताना तुझ्या खुर्चीवर कुणी बसलं तर मात्र उठवतात.

आई

—

१० मार्च १९९६

प्रिय रेइनिएर,

आम्ही सगळे मजेत आहोत. हवा छान आहे. मैदानाच्या भिंतीला चुना देणं चालू आहे, गाव स्वच्छ दिसतं. यामिला मजेत आहे. ओस्वाल्दो दोनदा येऊन गेला, तोही मजेत आहे.

तुझी प्रकृती कशी आहे? इथल्या हवेत सांधे दुखतात अशी तक्रार बरेच जण करतात. तिकडच्या हवेत दुखतात का ते कळव.

तुझी आई,
नेरेइदा

—

१४ एप्रिल १९९६

रेइ,

हे पत्र मिर्ताकडून.

तुझं काहीच आलं नाही. माझं फेब्रुवारीचं पत्र पोचलं की त्या परदेशी बाईने कुठे कचऱ्यात टाकलं, की कुणी दुसऱ्यानेच उघडलं? मिर्ता म्हणते, बाई चांगली होती, म्हातारी होती, तिच्याकडे नातवाचा फोटो होता. नातवाचा फोटो असला म्हणून बाई चांगली असते का? पोस्टमन दारावरून पुढे गेला की मला धास्ती वाटते. थांबला तर जास्तच वाटते.

आपल्या घरात भांडण झालं. मी ओस्वाल्दोला नावं देत नाहीये हे यामिलाला शाळेत कुणीतरी ऐकवलं. ती दप्तर टाकून थेट स्वयंपाकघरात आली.

“आई, तू काय चालवलंयस?”

“काही नाही. तांदूळ निवडतेय.”

“मुख्याध्यापिकांनी मला विचारलं. म्हणाल्या, तुझ्या आईची तब्येत बरी नाही का? तुला कळतंय ना याचा अर्थ?”

मी तांदळातला एक खडा बाजूला काढला.

“तो गेला,” ती म्हणाली. “त्याला जायचं होतं, तो गेला, सुटला. मी इथे आहे. रोज सकाळी त्या दारातून आत जाते. तुझं ते साठ वर्षांचं पुराण, त्यातले मेलेले सगळे लोक, त्यांच्यापेक्षा मी जवळची नाही का?”

“तू माझी मुलगी आहेस.”

“मग तसं वाग.”

रेइ, तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. तूही म्हणू नकोस. माझी झोप उडाली. बाबा सगळं ऐकत होते, अंगणात दाताळ्याचे दात सरळ करत बसले होते.  संध्याकाळी यामिलाच्या सायकलच्या चेनला तेल घालून ठेवलं.

मग बार्बारो आला. त्याला तू ओळखणार नाहीस, इतका वाळलाय. कॅचर असताना तो बसला की मागचा पंच दिसायचा नाही, आता ट्रॅक्टरवर बसला की गादी दिसते. भोपळा घेऊन आला होता. अडीच वर्षांत पहिल्यांदा आपल्या दारात.

“मावशी, आत येऊ का?”

“भोपळ्याला येऊ दे. तुझं बघू.”

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. म्हणाला, “सोहळ्याच्या दिवशी एकोणनव्वदच्या संघाने मैदानात उतरायचंय. ज्याने त्याने आपापल्या जागी उभं राहायचं, ओस्वाल्दो कर्ण्यावरून नावं पुकारणार. पिचरच्या जागी योएलला उभा करणार आहेत.”

योएल म्हणजे आताचा पिचर, हल्ली चेंडू तोच टाकतो. चांगला आहे. तुझ्याएवढा नाही, पण चांगला आहे.

“मग?” मी म्हटलं.

“मग मी त्याच्यासमोर बसायचं. हातमोजा पुढे करून. सगळ्या गावासमोर.” त्याने उंबऱ्याकडे पाहिलं. “मावशी, सही केली ती केली. तेव्हा माझी बायको पोटुशी होती. पण हे मला जमेल असं वाटत नाही.”

“मला कशाला सांगतोस?”

“दुसऱ्या कुणाला सांगू?”

मी त्याला आत घेतलं. तो तुझ्या खुर्चीवर बसायला गेला, मग बाबांकडे पाहून स्टुलावर बसला.

दुसऱ्या दिवशी मी ओस्वाल्दोच्या कचेरीत गेले. म्हटलं, “नावं देते. सगळी देते. एकोणनव्वदची आठ देते.”

“नववं?”

“नववं नाही.”

त्याने कपाळ चोळलं. “नेरे, भिंतीवर कोरी ओळ दिसली तर नाव लिहिल्याहून वाईट.”

“कोरी ओळ नको ठेवूस. आठ नावं लिही, खाली रेघ मार, पुढच्या वर्षावर जा. पण त्याच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहिलंस तर त्या दिवशी फळ्यामागे मी नसेन. आकडे तू टांग.”

 बाहेर त्याची टंकलेखिका होती, तिचं यंत्र थांबलं. मग तो हळूच म्हणाला, “आठ तर आठ. कुणी विचारलं तर तुला एक नाव आठवलं नाही.”

“मला?”

“वय झालं तुझं.”

आयुष्यात पहिल्यांदा मला पाकोळ्यांचं नाव आठवलं नाही असं लिहून दिलं मी. सही इतकी वाकडी आली की ते खरंच वाटलं असेल.

तू हे वाचून काय म्हणशील ते मला कळत नाही. आईने सगळं करून शेवटी मला वगळलंच, असं म्हणशील का? मला यामिलाला शाळेत ठेवायचं होतं आणि तुझ्या जागी कुणाला बसू द्यायचं नव्हतं. दोन्ही हातांत दोन पोरं धरून नदी ओलांडल्यासारखं झालंय. पाण्याला ओढ आहे आणि पलीकडचा काठ अजून लांब आहे.

दोन ओळी तरी लिही. खांदा कसा आहे एवढंच लिही.

आई

—

२० मे १९९६

रेइ,

काल सोहळा झाला. मिर्ता पुढच्या आठवड्यात येईल, तोवर हे पत्र पिठाच्या डब्यात राहील. जे झालं ते जसं पाहिलं तसं लिहून काढते, कारण उद्या गावात त्याच्या दहा गोष्टी होतील.

सगळं गाव आलं होतं. शेजारच्या गिरणीचे लोकसुद्धा ट्रकमधून आले होते. भिंतीवरची नावं निळ्या रंगात आहेत. म्हातारे लोक बोटं लावून वाचत होते. एकोणनव्वदसमोर लोक येत, ओठ हलवत मोजत आणि पुढे सरकत. कुणी काही बोलत नव्हतं. जिल्ह्याचे दोन पाहुणे होते, त्यांना मोजायचं सुचलं नाही.

मी फळ्यामागे होते. तुला ठाऊक आहे, आकडे टांगायच्या भोकांतून मैदान कसं तुकड्यातुकड्याने दिसतं. नवव्या डावाचं भोक रिकामं होतं, मी तिथे डोळा लावला.

ओस्वाल्दो एकेक वर्ष पुकारत गेला. हयात असतील ते खेळाडू मैदानात जात, लोक टाळ्या वाजवत. त्रेपन्नचे दोघेच उरलेत, ते एकमेकांना धरून गेले. मग एकोणनव्वद. आठ जण धावत गेले आणि आपापल्या जागी उभे राहिले. बार्बारो आपल्या झेलायच्या जागी, होम प्लेटमागे गेला, पण बसला नाही. मुखवटा हातात धरून उभा राहिला.

“आणि मधल्या उंचवट्यावर,” ओस्वाल्दो कर्ण्यावरून म्हणाला, “आपला आजचा पिचर, योएल.”

योएल बाकावर बसलेला होता. तो उठला नाही. कर्ण्यातून परत त्याचं नाव आलं. मग तो उठला, कुंपणापर्यंत गेला आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “माझा पाय मुरगळलाय.”

दुसऱ्या एकाला खुणावलं. त्याचाही मुरगळला होता. तिसरा म्हणाला, माझे बूट फाटलेत, आणि त्याने बूट वर करून दाखवला. तो खरंच फाटलेला होता, पण याच बुटांनी तो परवा खेळला होता.

मैदान शांत झालं. शांत म्हणजे, कर्ण्यातून ओस्वाल्दोचा श्वास ऐकू येत होता. हजार माणसं त्या रिकाम्या उंचवट्याकडे बघत होती.  मला यामिला दिसत होती, शाळेच्या रांगेत, मुख्याध्यापिकेच्या शेजारी. तिने खाली मान घातली होती. मला वाटलं, आता कुणीतरी मूर्खपणा करेल. कुणीतरी नाव ओरडेल आणि सगळं संपेल.

तेवढ्यात साहित्याच्या खोलीचं दार उघडलं आणि तुझे बाबा बाहेर आले. खांद्यावर दाताळं, हातात पाण्याचं डबडं. सामन्याआधी येतात तसेच, कुणाकडे न बघता. ते चालत मध्यावर गेले. आधी उंचवट्याची माती दाताळ्याने ओढली, पुढच्या उतारावर पाय पडतो तिथला खड्डा भरला, टाचेने दाबला. वाकून पांढरी पट्टी बाहीने पुसली. मग डबड्याला बोटं लावून पाणी शिंपडलं, थोडं थोडं, तुला माती जशी लागायची तशी. योएलला कोरडी लागते. योएलसाठी ते पाणी मारत नाहीत. हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

काम संपल्यावर ते बाजूला झाले, दाताळं जमिनीवर टेकवलं आणि टोपी काढली.

बार्बारोने मुखवटा चढवला. खाली बसला. हातमोजा पुढे केला आणि धरून ठेवला.

तो किती वेळ तसा बसला होता ते मला सांगता येणार नाही. लोक उठून उभे राहिले. एक एक करून नाही, पाऊस आल्यावर उठतात तसे. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी नाव घेतलं नाही. पाहुण्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सगळे उभे आहेत म्हणून तेही उभे राहिले.

मग ओस्वाल्दोने एकदम पंच्याण्णव साल पुकारलं.

 घरी येताना रस्त्यात लोक बाबांना वाट देत होते. अंगणात शिरल्यावर मी म्हटलं, “एवेलिओ, हे काय केलंत?”

“मैदान राखणं माझं काम आहे,” ते म्हणाले. “माती सुकली होती.”

आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत होते. मला भीती वाटतेय, रेइ. अभिमानही वाटतोय, पण तो भीतीच्या खाली दबलाय. गाडीचा आवाज आला की दोघंही जेवायचे थांबतो.

आई

—

१६ जून १९९६

प्रिय रेइनिएर,

आम्ही सगळे मजेत आहोत. उसाचा हंगाम संपला. बाबांना आता विश्रांती मिळते, ते घरीच असतात. यामिलाला नवीन शाळा मिळाली, तिथली हवा डोंगराळ आणि थंड आहे. सायकल चालवल्याने तिची प्रकृती सुधारेल.

आंबे भरपूर आले आहेत.

तुझी आई,
नेरेइदा

—

४ ऑगस्ट १९९६

रेइ,

मिर्ता अंगणात थांबलीय, तिची बस आहे, म्हणून भराभर लिहिते.

जूनचं पत्र तू निम्मं समजला असशीलच. सोहळ्यानंतर बाबांना मैदानावर येऊ नका म्हणून सांगितलं. शिक्षा म्हणाले नाहीत. वय झालं, म्हणाले. यंदा आमच्या घरात सगळ्यांचं वय झालं. यामिलाची बदली वरच्या वाडीतल्या शाळेत केली, चढाच्या रस्त्याने जायचं, एका खोलीत चार इयत्ता. ती माझ्याशी पुष्कळ दिवस बोलली नाही. बाबांशी बोलायची. काल रात्रीच्या जेवणाला म्हणाली की वरच्या मुलांना वाचता येत नाही पण चेंडू असा मारतात की दरीत शोधायला जावं लागतं. एवढंच म्हणाली. माझ्याकडे बघून नाही म्हणाली, पण मी ऐकावं म्हणून म्हणाली. तिचं जे गेलं ते माझ्यामुळे गेलं, हे ती विसरणार नाही, आणि विसरावं असं मीही म्हणणार नाही.

ओस्वाल्दोचं मंडळाचं प्रमुखपद गेलं. तो आता बाबांबरोबर सोंगट्या खेळायला येतो आणि हरतो.

भिंतीवर आठ नावं तशीच आहेत. शाळेतली पोरं येताजाता मोजतात आणि मोठ्यांना विचारतात, नववा कोण? मोठे लोक आजूबाजूला बघून मग सांगतात. गेल्या आठवड्यात पावाच्या रांगेत माझ्या पुढच्या बाईने तिच्या मुलाला सांगितलं. त्याच्या कानात सांगितलं. मागे मी उभी आहे हे तिला माहीत नव्हतं.

आता मंगळवारचं लिहिते. औषधाच्या दुकानातली मुलगी धावत आली, म्हणाली, मावशी, फोन, टँपाहून. माझ्या हातातली परात पडली. तू कधी फोन करत नाहीस. मला वाटलं तू मेलास, किंवा तू मेलायस असं सांगायला कुणीतरी फोन केलाय. धावता धावता मी काय काय देवाला बोलून गेले ते मला लिहवत नाही. बाबा माझ्यामागे आले. मी त्यांना या म्हटलं नव्हतं.

आपण बोललो ते तुला माहीत आहेच. मे महिन्याचं पत्र तुला मिळालं, तू ते पुन्हा पुन्हा वाचलंस. खांदा गेलाय, कायमचा गेलाय, आता टाकता येत नाही. हे तू इतक्या सहज सांगितलंस की मी दुकानाच्या काउंटरला धरलं. तरी ते कळलं ते बरं झालं. मी सहा महिने त्या खांद्याला रात्री मनातल्या मनात शेकत होते. मग तू विचारलंस, पाकोळ्यांचं यंदा काय चाललंय, आणि मला बोलता येईना. मला, जिला गप्प बसवायला माणूस लागतो.

मग तू म्हणालास, “बाबा आहेत का तिथे?”

मी फोन त्यांच्या हातात दिला. इथून पुढचं तुला माहीत नाही. तू फक्त ऐकत होतास, तुला दिसत नव्हतं, म्हणून सांगते.

दुकानात आयोडीन घ्यायला आलेल्यांची रांग होती. सगळ्यांना कळलं होतं कुणाचा फोन आहे. कुणी हललं नाही, पण एकेक करून त्यांनी पाठ फिरवली आणि रिकाम्या कपाटांकडे बघत उभे राहिले, जणू तिथे औषधं आहेत. बाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला. तू ‘हॅलो’ म्हणालास, मला फोनबाहेर ऐकू आलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. तू परत म्हणालास. त्यांनी डोळे मिटून घेतले, फोन कानाला आणखी दाबला आणि मान हलवली. तू समोर असल्यासारखी मान हलवत राहिले. हो, हो, अशी. तू काय काय विचारत होतास ते मला कळत नव्हतं, पण प्रत्येक प्रश्नाला ते मान हलवत होते. त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळून सदऱ्यावर पडत होतं आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

मग तू बराच वेळ “हॅलो, हॅलो” करत राहिलास आणि फोन ठेवलास. तुला वाटलं असेल लाइन तुटली.

लाइन तुटली नव्हती, रेइ. मिर्ता हाका मारतेय. हे पत्र मिळेल त्यानंतरच्या मंगळवारी परत फोन कर. ते दर मंगळवारी सकाळपासून तिथे जाऊन बसणार आहेत.

आई